मैदानावरचे मास्तर : जॉन वुडन

गणपती ही विद्येची देवता. तेव्हा उत्सवाच्या स्मरणिकेत एका शिक्षकाची आठवण काढणे वावगे ठरू नये. हे शिक्षक मात्र वर्गाइतकेच बास्केटबॉलच्या मैदानावर रमले. अमेरिकेचे जॉन वुडन हे ते शिक्षक! चांगला खेळाडू पुढे चांगला प्रशिक्षक होणारच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वुडन यांचे आयुष्य पाहिले की ही समजूत किती अपुरी आहे ते कळते.

वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० रोजी इंडियाना राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. इंडियाना म्हणजे बास्केटबॉलचे वेड असलेला प्रांत. मार्टिन्सव्हिल गावाच्या शाळेकडून खेळताना १९२७ साली त्यांनी राज्य अजिंक्यपद मिळवले. पुढे पर्ड्यू विद्यापीठात वॉर्ड लँबर्ट हे प्रशिक्षक त्यांना गुरू म्हणून लाभले. वुडन यांची उंची जेमतेम पाच फूट दहा इंच. पण चपळाई अशी की जमिनीवर आपटले तरी चेंडूसारखे उसळून उभे राहत. म्हणून लोक त्यांना ‘रबरी माणूस’ म्हणत. १९३०, १९३१ आणि १९३२ अशी सलग तीन वर्षे देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या यादीत त्यांची निवड झाली. अभ्यासातही ते हुशार होते. इंग्रजी हा त्यांचा विषय होता, आणि खेळाडूंमध्ये अभ्यासातील प्रावीण्यासाठी मिळणारे पदकही त्यांनी पटकावले.

१९३२ साल हे आर्थिक मंदीचे. लग्नासाठी साठवलेले नऊशे डॉलर बँक बुडाल्यामुळे ऐन लग्नाच्या तोंडावर गेले! तरीही लग्न झाले आणि वुडन केंटकी राज्यातील डेटन गावच्या शाळेत इंग्रजीचे शिक्षक व खेळाचे प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. तिथे पहिल्याच हंगामात त्यांच्या संघाने जिंकले त्यापेक्षा हरलेले सामने अधिक होते. देशातल्या नामवंत खेळाडूची ही अवस्था! आपल्याला जे सहज जमते ते दुसऱ्याला सहज जमेलच असे नाही, हा धडा त्यांना तिथे मिळाला. त्यानंतर साउथ बेंडच्या शाळेत त्यांनी नऊ वर्षे मास्तरकी केली. दिवसा वर्गात इंग्रजी, संध्याकाळी मैदान. आधी स्वतः करून दाखवायचे, मग विद्यार्थ्याकडून करून घ्यायचे, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची आणि सवय होईपर्यंत गिरवायचे, ही वर्गातली रीत त्यांनी मैदानावर नेली.

महायुद्धात नौदलाची सेवा करून ते १९४६ मध्ये इंडियाना स्टेट या शिक्षक-महाविद्यालयात आले. १९४७ मध्ये त्यांच्या संघाला कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. अट एकच होती : कृष्णवर्णीय खेळाडू आणायचा नाही. वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय मुलगा होता आणि तोही राखीव खेळाडू. त्याला घरी ठेवून बाकीच्यांना नेले असते तर फारसे कोणी बोलले नसते. वुडन यांनी निमंत्रणच नाकारले. पुढच्या वर्षी ती बंदी उठली. १९४८ मध्ये वॉकर त्या स्पर्धेत उतरला आणि तिथे खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. अंतिम सामना लुइव्हिल विद्यापीठाने जिंकला. पण चषक हुकलेल्या त्या वर्षाचे मोल वुडन यांच्या कारकिर्दीत कमी कसे म्हणावे?

त्याच वर्षी त्यांना मिनेसोटा विद्यापीठात जायचे होते. परंतु हिमवादळामुळे तिकडचा टेलिफोन वेळेवर आला नाही. दरम्यान त्यांनी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला होकार दिला होता. मागाहून मिनेसोटाचे बोलावणे आले, पण दिला शब्द त्यांनी मोडला नाही. लॉस एंजेलिसला सरावासाठी मिळाली ती एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची कोंदट व्यायामशाळा. वुडन स्वतः तिची फरशी झाडून-पुसून घेत. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले १९६४ साली, म्हणजे सोळाव्या हंगामात! त्यानंतर मात्र १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत एकूण दहा अजिंक्यपदे, त्यांतली सात सलग, आणि लागोपाठ ८८ विजय. ही मालिका १९ जानेवारी १९७४ रोजी खंडित झाली ती साउथ बेंडला लागूनच असलेल्या नोटर डेम विद्यापीठात, ७१-७० अशी अवघ्या एका गुणाने. ज्या गावात मास्तरकी केली, त्याच्याच वेशीवर!

त्यांच्या शिकवण्यात गूढ असे काही नव्हते. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते मोजे कसे घालावेत हे शिकवत. मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, हे साधे गणित. करीम अब्दुल-जब्बार आणि बिल वॉल्टन यांच्यासारखे पुढे जगप्रसिद्ध झालेले खेळाडूही हा धडा गिरवूनच पुढे गेले. १९७४-७५ मध्ये रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाची बारकाईने नोंद ठेवली. तेव्हा त्यांच्या बोलण्यात सुमारे तीन-चतुर्थांश भाग काय करावे आणि कसे करावे हे सांगण्याचाच आढळला. नुसती शाबासकी किंवा नुसती नाराजी फारच थोडी.

याला एक दुसरी बाजूही आहे. त्यांच्या काळात एक धनिक हितचिंतक खेळाडूंना नियमबाह्य मदत करीत असे, हे पुढे उघड झाले. वुडन स्वतः त्यात गुंतले नव्हते. परंतु त्यांनी अधिक लक्ष घालायला हवे होते, असे म्हणणारे आजही आहेत. मोठ्या माणसाचे चरित्र लिहिताना ही नोंदही व्हावी.

१९७३ मध्ये बास्केटबॉलच्या सन्मान-दालनात प्रशिक्षक म्हणून त्यांचा समावेश झाला. खेळाडू म्हणून ते तिथे आधीच होते. असा दुहेरी मान मिळवणारे ते पहिलेच. ४ जून २०१० रोजी वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते स्वतःला शिक्षकच म्हणवत.

आपल्या वसाहतीतही संध्याकाळी मुलांना चार गोष्टी शिकवणारे एखादे काका असतात. त्यांचे विद्यार्थी विजेते होतील की नाही, सांगता येत नाही. पण सोळा हंगाम धीर धरणे आणि राखीव मुलालाही संघाचाच मानणे, एवढे वुडन यांच्याकडून घेता आले तरी पुष्कळ झाले. ती सद्बुद्धी गणराय आपणा सर्वांना देवो!