जुन्नरचे यवन दाते आणि शरणार्थींचा न्याय

जुन्नरच्या लेण्यांत स्वतःस यवन म्हणविणाऱ्या तिघा दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत. इरिलाने पाण्याची दोन टाकी, चिटाने संघास भोजनमंडप, चंदाने गर्भद्वार दिले. परकेपण लपविण्याची त्यांना गरज भासली नाही. संघानेही त्यांचे दान नाकारले नाही.

आज भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तरीही १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलातील चकमांना, म्हणजे बहुतांशी बौद्धांनाच, बळाने हुसकावण्यास मनाई केली. संविधानाच्या अनुच्छेद २१ चे संरक्षण प्रत्येक व्यक्तीस आहे, केवळ नागरिकास नाही, हे त्याचे सूत्र.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत सहा धर्मसमूहांत बौद्धांचेही नाव आहे. परंतु धर्म पाहून दिलेला आश्रय न्याय कसा ठरेल? करुणेला यादी नसते.