आकार, नाव आणि अर्थ : संगणकास पडद्याशी जोडणाऱ्या केबलींचा इतिहास

संगणकास बाहेरचा मॉनिटर जोडावयाचा तर कोणती केबल घ्यावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी दुकानदाराने सोडवावा असा वाटतो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याजोगे काय आहे, अशी शंका कोणी घेतल्यास ती अस्वाभाविक म्हणता येणार नाही. परंतु १९८१ पासून आजतागायत हा प्रश्न ज्या कारणांनी उत्तरोत्तर अवघड होत गेला, ती कारणे विद्युत्शास्त्रातील जितकी आहेत तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, नामकरणातील आहेत. केबलच्या टोकाचा आकार, त्यास रूढ झालेले नाव आणि तिच्यातून वाहणाऱ्या संकेतांचे स्वरूप या तीन गोष्टींचा परस्परसंबंध कसकसा बदलत गेला, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्यासाठी दोन प्रकारची कार्डे उपलब्ध होती. एक केवळ एकरंगी अक्षरांसाठी, दुसरे रंगीत चित्रांसाठी. दोहोंच्या पाठीमागे नऊ पिनांचे एकाच आकाराचे पोर्ट होते. एकरंगी कार्ड पडद्यावरील ओळी सेकंदास सुमारे १८,४०० या गतीने पाठवीत असे, तर रंगीत कार्डाची गती सुमारे १५,७०० होती. एकरंगी पडदा चुकून रंगीत कार्डास जोडला तर तो केवळ कोरा राहून भागत नसे; त्यात बिघाड होण्याचाही धोका असे. एकच रूप आणि दोन अर्थ, ही स्थिती या इतिहासाच्या आरंभीच आढळते हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आज यूएसबी-सीविषयी जी तक्रार ऐकू येते ती नवी नाही.

त्या काळचे संकेत अंकीय होते, म्हणजे प्रत्येक तारेत 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगता येई. रंगीत कार्डाच्या चार तारांनी १६ रंग होत. १९८४ च्या ईजीए या सुधारित पद्धतीत सहा तारा झाल्या आणि ६४ रंगांतून निवड करता येऊ लागली. याच मार्गाने पुढे गेले असते तर तारांची संख्या वाढतच राहिली असती. एप्रिल १९८७ मध्ये पीएस/२ या संगणकमालेबरोबर आयबीएमने व्हीजीए आणले, त्यात २,६२,१४४ रंगांतून निवड होती. अंकीय पद्धतीने त्यास १८ तारा लागल्या असत्या. त्याऐवजी तांबडा, हिरवा व निळा अशा तीनच तारा ठेवून प्रत्येकीतील विद्युद्दाब शून्य ते ०.७ व्होल्टच्या दरम्यान कमीअधिक करण्याची युक्ती योजण्यात आली. म्हणजे अंकीयाकडून सलग संकेताकडे झालेला हा प्रवास प्रगतीच्या रूढ कल्पनेच्या नेमका उलट होता. इतिहासाची दिशा सरळ रेषेत असते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे. नव्या संकेतासाठी तीन ओळींत पंधरा पिनांचा निराळा कनेक्टर घेतल्यामुळे जुन्या पडद्याशी गल्लत होण्याची शक्यताही संपली. आकार बदलला, अर्थ बदलला आणि दोन्ही एकाच वेळी बदलले, असा हा दुर्मीळ प्रसंग होय.

नावाचे मात्र तसे झाले नाही. 'व्हिडिओ ग्राफिक्स अ‍ॅरे' हे मुळात संगणकातील एका चिपचे नाव. ते प्रथम ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या चित्रास लागले, नंतर पोर्टला आणि शेवटी निळ्या टोकाच्या केबलला. आपल्या शास्त्रकारांनी लक्षणेचे जे विवेचन केले आहे त्यात हे स्थलांतर सहज बसते. मुख्य अर्थ विसरला गेला आणि लक्ष्यार्थ तोच वाच्यार्थ बनला. याच कनेक्टरचे तांत्रिक नाव तर अधिकच उद्बोधक आहे. कॅनन कंपनीने १९५२ साली आणलेल्या डी आकाराच्या कनेक्टरांच्या कुळात 'डी'नंतरचे अक्षर धातूच्या कवचाचे आकारमान दाखविते : 'बी' म्हणजे पंचवीस पिनांचे कवच, 'ई' म्हणजे नऊ पिनांचे. व्हीजीएचे कवच नऊ पिनांच्या आकाराचे असून त्यात दाटीने पंधरा पिना बसविल्या आहेत, म्हणून त्याचे शुद्ध नाव 'डीई-१५'. परंतु संगणकांवर पंचवीस पिनांचा 'डीबी-२५' आधी सर्वत्र परिचित झाला होता. लोकांनी 'डीबी' हा जणू उपसर्गच मानला आणि 'डीबी-९', 'डीबी-१५' अशी रूपे सादृश्याने घडविली. ती कारखान्यांच्या सूचिपत्रांतही शिरली. भाषेत अपरूपे रूढ होण्याची जी रीत आपण वर्गात शिकवितो, ती इथे अवघ्या काही वर्षांत घडून आलेली दिसते.

१९९४ साली व्हेसा या मानकसंस्थेने एक शांत परंतु महत्त्वाची सुधारणा केली. तोवर संगणकास पडद्याविषयी फारच थोडे कळत असे. आता मॉनिटर स्वतःची माहिती, म्हणजे निर्माता, आकार व पेलणारी चित्रे, १२८ बाइटांच्या एका नोंदीत साठवून त्याच केबलमधून संगणकास सांगू लागला. एकतर्फी कथनाचे संभाषण झाले. पुढील सर्व पद्धतींनी हा गुण उचलला.

काचनळीच्या जागी सपाट पडदे आल्यावर सलग संकेताचे कारण उरले नाही. संगणकात अंक, केबलमध्ये सलग लहर आणि पडद्यात पुन्हा अंक, असे दुहेरी भाषांतर होऊ लागले व प्रत्येक भाषांतरात काही धूसर होई. १९९९ साली आलेल्या डीव्हीआयने ते टाळले. पण जुन्यास सामावून घेण्यासाठी एकाच नावाखाली तीन पोटभेद ठेवले : केवळ अंकीय, केवळ सलग आणि मिश्र. डिसेंबर २००२ मध्ये सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआयची पहिली संहिता प्रसिद्ध केली. तिचा संकेत डीव्हीआयचाच असल्याने दोहोंमध्ये साधा अडॅप्टर पुरतो. एचडीएमआयने त्यात ध्वनीची भर घातली. २००६ साली व्हेसाने डिस्प्लेपोर्ट आणले. त्यात माहिती पुडक्यांच्या रूपाने जाते, त्यामुळे एकाच पोर्टमधून अनेक पडदे माळेसारखे जोडण्याची सोय २०१० च्या १.२ आवृत्तीपासून करता आली. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी व इतर काही कंपन्यांनी व्हीजीए २०१५ पर्यंत सोडून देण्याचे जाहीर केले. वर्गखोल्यांतील प्रोजेक्टरांनी ही घोषणा फारशी मनावर घेतली नाही.

व्यवहारात फसगत होते ती अडॅप्टरच्या दिशेमुळे. पुष्कळ डिस्प्लेपोर्ट एचडीएमआयचाही संकेत पाठवू शकतात, म्हणून संगणकाच्या डिस्प्लेपोर्टपासून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे स्वस्त अडॅप्टर चालतो. उलट दिशेस, म्हणजे संगणक एचडीएमआयचा व मॉनिटर डिस्प्लेपोर्टचा असताना, संकेताचे खरेखुरे रूपांतर करणारे सक्रिय उपकरण लागते. ज्यास दोन भाषा येतात तो वक्त्याच्या जागी असेल तर दुभाष्याची गरज पडत नाही; श्रोत्याला एकच भाषा येते एवढे कारण पुरे आहे.

क्षमतेचा हिशेब मात्र सरळ अंकगणिताचा आहे. फोरके पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके, प्रत्येकास २४ बिट, सेकंदास ६० चित्रे, म्हणजे केवळ चित्रासाठी सेकंदास सुमारे १२ अब्ज बिट. त्यात मधली रिक्त वेळ व संकेतनाचा भार मिळवावा लागतो. २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये एकूण १०.२ अब्ज बिटांची सोय होती, त्यामुळे फोरके चित्र सेकंदास तीसच वेळा जाई आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसे. २०१३ च्या २.० आवृत्तीत ती १८ अब्जांवर गेली, तेव्हा साठचा आकडा गाठला गेला.

यूएसबी-सीचा कनेक्टर २०१४ साली आला. यूएसबी-सी हे केवळ आकाराचे नाव आहे, संकेताचे नव्हे. आणि या लेखाचा सारा रोख त्या भेदावर आहे. चोवीस पिनांच्या त्या लहानशा तोंडातून यूएसबी जाते, वीज जाते, २०१४ च्याच एका व्यवस्थेनुसार डिस्प्लेपोर्टचा संकेत जातो आणि २०१५ पासून थंडरबोल्टही जातो. कोणते पोर्ट यांतील काय देईल, हे निर्मात्याच्या इच्छेवर. 'वर' या शब्दाचे नवरा, आशीर्वाद आणि उंचावर असे तीन अर्थ असूनही मराठी माणूस अडत नाही, कारण वाक्याचा संदर्भ त्याच्या समोर असतो. येथेही संदर्भ आहे, पण तो दोन उपकरणे आपापसांत एका बारीक तारेवरून ठरवितात. माणसास दिसतो तो फक्त कोरा पडदा. केबलचीही तीच गत. फोनबरोबर येणाऱ्या कित्येक केबलींत द्रुतगती तारांच्या चार जोड्या मुळीच नसतात. त्या वीज देतात आणि सेकंदास ४८ कोटी बिटांची जुनी यूएसबी चालवितात, चित्र देत नाहीत. बाहेरून पाहता त्यांत व थंडरबोल्टच्या महाग केबलमध्ये बोटभर फरक दिसेल तर शपथ. लांबीचाही प्रश्न आहे : थंडरबोल्ट ३ ची साधी केबल ४० अब्ज बिटांचा पूर्ण वेग थोड्याच लांबीपर्यंत देते. आणि अनेक डॉक आपल्या चार जोड्यांपैकी दोन यूएसबीस देऊन दोनच चित्रास ठेवतात, डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने त्यातून फोरके पुन्हा तीसवरच येते.

मानकसंस्थांनी या गोंधळावर नावांचा उपाय केला आणि तो बराच काळ रोगाहून जड ठरला. २००८ चे यूएसबी ३.० पुढे 'यूएसबी ३.१ जेन १' झाले, त्यानंतर 'यूएसबी ३.२ जेन १' झाले. वस्तू तीच, वेग तोच. एचडीएमआयच्या व्यवस्थापकांनी केबलवर आवृत्तीचा आकडा छापण्यास मनाई करून 'हाय स्पीड'सारखी विशेषणे पुढे केली, ज्यांच्यापुढे २०१५ साली 'प्रीमियम' व नंतर 'अल्ट्रा' जोडावे लागले. २०२१ अखेर असेही उघड झाले की २.१ हा आकडा लावलेल्या उपकरणात त्या आवृत्तीचा ४८ अब्जांचा वेग असलाच पाहिजे असे बंधन नाही. विशेषणांनी परिमाण सांगण्याचा हा हट्ट प्रस्तुत लेखकास अनाकलनीय वाटतो. २०२२ पासून यूएसबीच्या संस्थेने वेगाचा आकडाच नाव म्हणून स्वीकारला आहे, केबलवर वॅटही छापण्याची सोय केली आहे. व्हेसानेही त्याच वर्षी 'डीपी४०' व 'डीपी८०' अशी केबलींची नावे ठरविली. बऱ्याच उशिरा का होईना, नाव पुन्हा अर्थास जोडले गेले. तेव्हा केबल निवडताना दोन्ही टोकांचा आकार जुळला म्हणून न थांबता पोर्टशेजारची खूण (डिस्प्लेपोर्टचे 'डी' व 'पी' गुंतवलेले चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज) पाहावी, पडद्याचा हिशेब मांडावा आणि केबलवर छापलेला आकडा त्याहून मोठा आहे ना एवढे तपासावे.

आणखी एका बाबीचा निर्देश करणे जरूर आहे. एचडीएमआयची संहिता परवान्याने मिळते. २०२४ च्या फेब्रुवारीत एएमडीच्या अभियंत्याने कळविले की लिनक्ससाठी २.१ आवृत्तीचा खुला ड्रायव्हर लिहिण्याचा त्यांचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने नाकारला आहे. केबल होती, पोर्ट होते, चिपमध्ये सामर्थ्य होते. त्यांचे व्याकरण जाहीरपणे लिहून दाखविण्याची अनुज्ञा तेवढी नव्हती. त्या वापरकर्त्यांना पूर्ण वेगासाठी त्याच कार्डावरील डिस्प्लेपोर्टकडे वळावे लागले.