छातीवरचं लाल फूल



लेस्टरला राहणाऱ्या आमच्या भाचीचा परवा फोन होता. नोव्हेंबर उजाडला की तिकडे जो तो कोटाला कागदाचं लाल फूल लावून फिरतो. "मावशी, ऑफिसात सगळे लावतात. मी नाही लावलं तर वाईट दिसेल का गं?" आता जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला असं काही विचारायचं, तर अख्खा तास ऐकायची तयारी हवी! तिला जे सांगितलं तेच थोडं सविस्तर इथे लिहिते आहे.

पॉपी हे खसखशीच्याच कुळातलं फूल. पण आपण अनारशाला लावतो ती खसखस आणि अफू देणारं झाड वेगळं, हे बेल्जियम-फ्रान्सच्या शेतांमधलं रानफूल वेगळं. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी उकरलेल्या जमिनीत ते भराभर उगवलं. १९१५ साली कॅनडाचे लष्करी डॉक्टर जॉन मॅक्रे यांनी फ्लँडर्सच्या थडग्यांमधल्या या फुलांवर कविता लिहिली. ती वाचून १९१८ मध्ये अमेरिकेतल्या मोइना मायकेल या शिक्षिकेने (आमच्याच पेशातली हो!) हे फूल कायम लावायचं ठरवलं. अ‍ॅना गेराँ या फ्रेंच बाईंनी कापडी फुलं विकून मदत उभी करायची कल्पना देशोदेशी नेली. १९२१ पासून ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेने ती उचलली आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये अपंग सैनिकांचा फुलं बनवायचा कारखाना निघाला.

इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं असायचं कारण नाही. पण फुलाच्या मधल्या काळ्या बटणावर 'हेग फंड' अशी अक्षरं असत, थेट १९९४ पर्यंत. हेग म्हणजे सोमच्या लढाईचे सेनापती. त्या लढाईच्या पहिल्या एकाच दिवशी, १ जुलै १९१६ला, १९ हजारांहून जास्त ब्रिटिश सैनिक मेले. ज्याच्या हुकमाने मुलगा गेला त्याच्याच नावाचं बटण आईने छातीवर मिरवायचं! १९३३ साली को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्ड या बायकांच्या संघटनेने पांढरी पॉपी काढली. पुन्हा युद्ध नको, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यावरूनही मोठा गदारोळ झाला. १९८६ मध्ये तर थॅचरबाईंनी पंतप्रधान असताना या पांढऱ्या फुलाबद्दल पार्लमेंटमध्ये नापसंती बोलून दाखवली.

कायद्याने लाल फुलाची सक्ती नाही. पण टीव्हीवर बातम्या देणाऱ्याच्या कोटावर ते दिसलं नाही की प्रेक्षक खवळतात. जॉन स्नो या निवेदकाने २००६ मध्ये या दडपणाला चक्क 'पॉपी फॅसिझम' म्हटलं होतं.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? पण ७ डिसेंबरचा आपला ध्वजदिन आठवा. १९४९ पासून तो सैनिकांच्या कल्याणासाठी पाळला जातो. शाळेत टाचणीने लावायचे छोटे झेंडे यायचे. हेतू चांगलाच. पण ज्याच्या घरून पैसे मिळालेले नसत, ते पोर दिवसभर वहीने छाती झाकून बसायचं. मुलांच्या लेखी ज्याच्या छातीवर झेंडा नाही त्याला देशाचं प्रेम नाही! त्या पोराचा काका कदाचित सैन्यातच असेल, हे कुणाच्या डोक्यात यायचं नाही.

आता आयर्लंडकडे वळते, कारण हा प्रश्न तिथेच सगळ्यात जास्त दुखतो. जेम्स मॅक्लीन हा तिथला फुटबॉलपटू इंग्लंडच्या क्लबांमधून खेळायचा. नोव्हेंबरात सगळ्यांच्या जर्सीवर पॉपी छापलेली असायची. २०१२ पासून त्याने ती घालायचं नाकारलं. प्रेक्षकांनी हुर्यो केली, जिवे मारायच्या धमक्या आल्या. तो डेरी शहरातल्या क्रेगन वस्तीत वाढलेला. ३० जानेवारी १९७२ला डेरीत ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. तेरा जण ठार झाले, चौदावा नंतर गेला. त्यातले सहा क्रेगनचे. २०१४ मध्ये मॅक्लीनने आपल्या क्लबच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. त्याचा मतितार्थ असा, की हे फूल फक्त दोन महायुद्धांतल्या मृतांसाठी असतं तर मी आनंदाने लावलं असतं. पण ते नंतरच्या सगळ्या लढायांतल्या सैनिकांसाठी आहे. मला तरी यात मेलेल्यांचा अपमान कुठे दिसत नाही.

याला दुसरीही बाजू आहे. ८ नोव्हेंबर १९८७ला एनिस्किलन गावात याच स्मृतिदिनासाठी जमलेल्या साध्या माणसांमध्ये आयआरएने बॉम्ब उडवला. अकरा माणसं तिथेच गेली. त्या घरांना कुणी 'फूल का लावता' म्हणून विचारून तर बघा!

आणि २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर त्यांच्या संसदेत पॉपी लावून गेले. हो, आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचेच वराडकर, वडिलांकडून! फूल मात्र आयरिश शॅमरॉकच्या पानावर बसवलेलं. पहिल्या महायुद्धात दोन लाखांच्या आसपास आयरिश माणसं ब्रिटिश गणवेशात लढली. ती परतली तेव्हा देशाचे वीर बदललेले होते, आणि ब्रिटिशांकडून लढलेल्यांची आठवण पुढे कित्येक वर्षं घरातल्या घरातच राहिली. वराडकरांचं फूल त्यांच्यासाठी होतं. कुणी कौतुक केलं, कुणी नाकं मुरडली. मला तो शॅमरॉकचा तोडगा आवडला, पण मॅक्लीनच्या आईला तो आवडावा असा हट्ट मी धरणार नाही.

जाता जाता चीनचं सांगते. २०१० मध्ये ब्रिटिश पंतप्रधान कॅमेरून बीजिंगला गेले तेव्हा चिनी अधिकाऱ्यांनी फूल काढा म्हणून सांगितलं. त्यांना अफूची युद्धं आठवली! कॅमेरून यांनी ते काढलं नाही. अर्थात चीनला जाणाऱ्या अफूच्या पेट्या आपल्या मुंबईहूनही चढत होत्या, हे आपणही विसरू नये.

पहिल्या महायुद्धात भारतातून तेरा लाखांहून जास्त माणसं गेली, चौऱ्याहत्तर हजारांवर परत आली नाहीत. मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी उपाशी अडकल्या होत्या. या सगळ्यांच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये चक्क खादीची पॉपी निघाली. खादीची! विलायती कापडाच्या होळीवाली खादी ती. पण इतिहास सरळ नसतोच. १९१८ मध्ये खुद्द गांधीजी इंग्रजांसाठी सैनिक मिळवायला खेडा जिल्ह्यात गावोगाव हिंडले होते. काही महिन्यांपूर्वी सारावसुलीविरुद्धच्या सत्याग्रहात ज्या शेतकऱ्यांनी त्यांना फुकट गाड्या दिल्या, ते आता भाड्यानेही गाडी देईनात. मग गांधीजी पायीच निघाले.