सुरतेची साक्ष

लोभ माणसाच्या रक्तातच असतो, की परिस्थिती त्याला लोभी बनवते, हा वाद फार जुना आहे. आपल्या शास्त्रकारांनी लोभाची गणना षड्रिपूंत केली. म्हणजे तो शत्रू खरा, पण बाहेरून चालून येणारा नव्हे, घरातच वस्तीला असलेला. कौटिल्याने तर सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून ठेवले, आणि अधिकाऱ्यांच्या सचोटीवर विसंबण्यापेक्षा त्यांच्या हिशेबावर नजर ठेवणे त्याला अधिक शहाणपणाचे वाटले. याच्या उलट, गेल्या दोन शतकांतील अनेक अर्थचिंतकांचे म्हणणे असे की, लोभ हा स्वभाव नसून व्यवस्थेचे अपत्य आहे. ज्या समाजात उद्याची शाश्वती नाही आणि पैशावाचून संरक्षण नाही, त्या समाजात माणूस साठवणारच.

हा वाद नुसत्या तर्काने सुटणारा नाही. संपत्ती, सत्ता आणि संकट ही तिन्ही जेथे एकत्र नांदली अशा एखाद्या ठिकाणी जाऊन तो पडताळून पाहिला पाहिजे. सतराव्या शतकातील सुरत हे असे ठिकाण होय.

तापीच्या काठचे हे शहर त्या काळी मोगल साम्राज्याचे सर्वांत मोठे बंदर होते. हजची यात्रा येथूनच निघे, म्हणून त्याला मक्केचे द्वार म्हणत. इंग्रजांनी १६१३ मध्ये आणि डचांनी १६१६ मध्ये येथे वखारी घातल्या. गुजरातचे कापड, नीळ आणि मलबारची मिरी यांच्या मोबदल्यात तांबड्या समुद्राकडचे आणि युरोपचे सोने-रुपे येथे उतरे. सुरतेच्या पेढीवर लिहिलेली हुंडी आग्र्यापर्यंत वटत असे.

या बाजाराचा अनभिषिक्त राजा म्हणजे वीरजी व्होरा हा जैन सावकार. त्याची मालमत्ता ऐंशी लाख रुपयांची असावी, असा त्या काळच्या परदेशी लोकांचा अंदाज होता. आलेला सगळा माल एकट्याने उचलायचा आणि मग आपल्या भावाने विकायचा, ही त्याची रीत. इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत त्याच्या या मक्तेदारीविषयीची कुरकूर वारंवार आढळते. १६२५ मध्ये मिरीचा साठा त्याच्या हाती होता. भाव परवडेना, म्हणून इंग्रजांनी परभारे दख्खनेतून मिरी आणण्याचा घाट घातला, तर तेथेही व्होराच्या माणसांनी चढा भाव देऊन त्यांची वाट अडवली. गंमत अशी की, हेच इंग्रज पैशाची नड पडली की त्याच्याच दारी कर्जासाठी उभे राहत आणि व्याज जबर आहे म्हणून पुन्हा विलायतेला गाऱ्हाणी लिहीत.

आणि हे गाऱ्हाणी लिहिणारे तरी कसे होते? कंपनीच्या कनिष्ठ लेखनिकाला वर्षाकाठी अवघे दहा पौंडांच्या आसपास वेतन मिळे. एवढ्या पगारासाठी कोणी सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून, तापाने मरण्याची जोखीम पत्करून येत नसे. तो येई तो चोरून खाजगी व्यापार करण्यासाठी. कंपनी दरवर्षी मनाईहुकूम धाडी आणि दरवर्षी तो मोडला जाई. शेवटी काही मालाच्या खाजगी व्यापाराला कंपनीला स्वतःच मुभा द्यावी लागली. हे लोक जन्मतःच लोभी होते, असे म्हणण्यापेक्षा, त्यांच्या धन्याने त्यांना अप्रामाणिकपणावरच जगायला लावले होते, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

मोगल अंमलदारांची गोष्ट याहून निराळी नव्हती. मनसबदाराची जहागीर काही वर्षांतच बदले. तो मेला की त्याच्या मालमत्तेवर सरकारचा हक्क पोहोचे. सुरतेच्या अधिकाऱ्याला आपली खुर्ची उद्या राहील की नाही याचा भरवसा नसे, मग आज जे हाती लागेल ते त्याने का सोडावे? १६३८ मध्ये हकीम सद्रा नावाच्या सुभेदाराने खुद्द वीरजी व्होरालाच कैदेत टाकले आणि त्याचा माल जप्त केला. प्रकरण शाहजहानपर्यंत गेले, तेव्हा व्होरा सुटला आणि सुभेदाराची जागा गेली. ज्या नगरीत सर्वांत मोठ्या सावकाराची ही गत, तेथे लहान व्यापाऱ्यांनी धन पुरून ठेवावे यात नवल ते काय? हिंदुस्थानातील लोक सोने जमिनीत का दडवतात, याचे हेच कारण बर्निये या फ्रेंच प्रवाशाने दिले आहे.

येथवर पाहता अर्थचिंतकांची बाजू वरचढ वाटते. परंतु १६६४ चा जानेवारी महिना उजाडतो आणि प्रश्न अधिक अवघड होतो.

त्या महिन्यात शिवाजीमहाराज अकस्मात सुरतेवर चालून आले. शहराची वस्ती सुमारे दोन लाख. पण त्याला भक्कम कोट नव्हता. सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार बादशाही खजिन्यातून उचलीत असे; ते शिपाई मात्र केवळ कागदावर होते. पगार खानाच्या खिशात जाई. महाराजांनी निरोप धाडला की, सुभेदाराने आणि हाजी झाहिद बेग, वीरजी व्होरा व हाजी कासीम या तीन धनाढ्यांनी समक्ष येऊन खंडणी ठरवावी, म्हणजे शहराला उपद्रव होणार नाही. कोणी आले नाही. खान किल्ल्यात जाऊन बसला. किल्लेदाराला लाच देणारे श्रीमंत आत घेतले गेले. बाकीची रयत उघड्यावर राहिली. इंग्रज आणि डच यांनी मूठभर माणसांनिशी आपापल्या वखारी राखल्या, त्यावरून थोडी सिद्धता असती तर काय झाले असते याची कल्पना येते. चार दिवसांत शहराचा मोठा भाग जळाला, आणि व्होरा व झाहिद बेग यांचे वाडे धुऊन निघाले. सुमारे एक कोटीची लूट गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

या स्वारीलाच लोभ म्हणणारे आहेत. तथापि तिच्यामागील हिशेब डोळ्यांआड करता येत नाही. शाएस्ताखान जवळजवळ तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून बसला होता आणि त्याच्या फौजांनी मुलूख उजाड केला होता. बादशहाने आपल्याला फौज बाळगायला लावले, तेव्हा तिचा खर्च त्याच्या प्रजेने दिला पाहिजे, ही महाराजांची भूमिका होती. याचा अर्थ सुरतेच्या लोकांनी सोसले ते थोडे होते, असा मात्र नव्हे. मराठ्यांच्या हाती सापडलेल्या अँटनी स्मिथ या इंग्रजाने, धन दडवल्याच्या संशयावरून कैद्यांना कठोर शिक्षा झाल्याचे नमूद केले आहे. पण त्याच धामधुमीत बर्नियेने टिपलेली एक हकीकत विसरण्याजोगी नाही. डचांच्या एका दिवंगत दलालाचे घर महाराजांच्या लोकांनी राखले, कारण तो हयातीत मोठा दानशूर होता असे त्यांना कळले होते. एकच बाजार, एकच धंदा, एकच राज्यव्यवस्था. तरीही एकाची ख्याती मक्तेदारीची आणि दुसऱ्याची दानाची. परिस्थितीच जर माणूस घडवीत असेल, तर हा दुसरा माणूस कोणी घडवला?

याहून बोलकी घटना पाच वर्षांनी घडली. सुरतेच्या काजीने व्यापाऱ्यांवर धार्मिक जुलूम आरंभला. धर्मांतराची सक्ती होऊ लागली, देवळे पाडण्याच्या धमक्यांवर पैसे उकळले जाऊ लागले. तेव्हा १६६९ च्या सप्टेंबरात सुमारे आठ हजार वाणी दुकाने बंद करून, भीमजी पारेख प्रभृतींच्या पुढारपणाखाली शहर सोडून भडोचला निघून गेले. मागे बाजार ओस पडला, नाणे मिळेना, जकातीचे उत्पन्न आटले. बादशहाकडून आश्वासन मिळाल्यावरच, त्या वर्षाच्या अखेरीस, ते परतले. ज्यांच्याविषयी वाण्याला पैशापुढे काही सुचत नाही असे म्हटले जाई, त्यांनी तीन महिन्यांचा धंदा एका गोष्टीसाठी पाण्यात सोडला, आणि ती गोष्ट पैसा नव्हती. लोभ हीच जर मनुष्याची अंतिम प्रकृती असती, तर हा प्रसंग सुरतेच्या इतिहासात घडताच ना.

मग सुरतेची साक्ष कोणाच्या बाजूने? खरे पाहता ती दोन्ही पक्षांना अर्धीच साथ देते. लोभाचे बीज प्रत्येकात आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही; परंतु बीज कोठेही पेरले तरी सारखेच उगवत नाही. अपुरे वेतन, अशाश्वत अधिकार आणि असुरक्षित मालमत्ता ही त्याची सुपीक जमीन. ज्या राज्याला आपल्या सेवकांचा लोभ आवरायचा असेल, त्याने उपदेशाआधी त्यांचा पगार, त्यांची मुदत आणि त्यांचा हिशेब नीट करावा. कौटिल्याला हे कळले होते. सुरतेच्या वखारीला ते फार उशिरा कळले.

पण एवढ्याने माणूस दोषमुक्त होत नाही. मोगल अंमलातील प्रत्येक अधिकारी अशाश्वततेच्या सावलीत वावरत होता. म्हणून पाचशे शिपायांचा पगार खाल्ला पाहिजे, असा काही सृष्टीचा नियम नव्हता. तो निर्णय एका माणसाचा होता. इनायतखानाला आपल्या लोभाची किंमत पदच्युतीने मोजावी लागली, हे खरे. परंतु तिचा फार मोठा हिस्सा दुसऱ्यांनी भरला. किल्ल्याच्या दाराशी देण्यापुरती लाच ज्यांच्या गाठी नव्हती, त्यांनी तो भरला. आणि त्या चार दिवसांत राख झालेल्या घरांच्या धन्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही वखारीच्या दप्तरात नाहीत.