दोन विमानतळांमधील अंतर

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं पृथ्वीचा गोल असेल त्यांनीं फिनलंडमधील हेलसिंकी व जपानमधील टोकियो यांच्यामध्यें एक दोरा ताणून धरावा. भिंतीवरील नकाशा पाहिला तर सरळ रेघ कझाकस्तान व मंगोलिया यांवरून जाते. गोलावरील दोरा मात्र ईशान्येकडे चढतो, आर्क्टिक वृत्त किंचित् ओलांडतो आणि सायबेरियावरून खालीं उतरतो. रेघ लांबीनें सुमारें 8,800 किलोमीटर भरते. दोरा सुमारें 7,800.

दोष नकाशाचा नाहीं. मर्केटरनें 1569 सालीं तो खलाशांसाठीं काढला. त्यावरील सरळ रेघ म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग. तो सोयीचा खरा, पण सर्वांत जवळचा नव्हे. जवळचा मार्ग बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा. अक्षांश-रेखांशांवरून तो मोजण्यासाठीं जेम्स इनमन या इंग्रज गणितज्ञानें 1835 सालीं ‘हॅवरसाइन’ हें नांव रूढ केलें. आपल्या ज्योतिषांतील उत्क्रमज्येचा अर्धा भाग तो हाच. तेव्हां ही कल्पना आपणांस अगदींच परकी वाटूं नये.

गणित येथें संपतें, आणि इतिहास सुरू होतो. कारण तो दोरा ज्या भूमीवरून जातो ती सोव्हिएत संघाची होती, व तिचें आकाश पाश्चात्त्य विमानांना दीर्घकाळ मोकळें नव्हतें. 1957 सालीं स्कँडिनेव्हियन कंपनीनें कोपनहेगन ते टोकियो हा मार्ग उत्तर ध्रुवाजवळून, अलास्कांतील अँकरेज येथें थांबून, सुरू केला. ध्रुवप्रदेशांत चुंबकसूचीचा भरंवसा उरत नाहीं. भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारें गायरो यंत्र व नकाशावर आंखलेल्या समांतर रेषांची जाळी यांवर विसंबावें लागे. 1983 च्या एप्रिलमध्यें फिनिश कंपनीचें विमान हेलसिंकीहून ध्रुवावरून न थांबतां टोकियोस पोंचलें. प्रवासाला सुमारें तेरा तास लागत.

त्याच वर्षीं 1 सप्टेंबर रोजीं अँकरेजहून सोलला निघालेलें एक कोरियन विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दींत शिरलें. तें पाडण्यांत आलें, व त्यांतील सर्व 269 माणसें मृत्युमुखीं पडलीं. नकाशावरील थोड्याशा विचलनाची ही किंमत होती.

सोव्हिएत संघ 1991 सालीं विसर्जित झाल्यावर सायबेरियाचा मार्ग सर्रास वापरांत आला. रशिया त्यासाठीं शुल्क घेई, आणि विमान कंपन्या तें मुकाट्यानें देत. वांचणारे तास त्याहून मोलाचे होते. हेलसिंकीहून सुमारें नऊ-साडेनऊ तासांत टोकियो गांठतां येऊं लागलें, आणि फिनलंडसारख्या लहानशा देशाची राजधानी यूरोप व आशिया यांमधील महत्त्वाचें ठाणें बनली.

1983 सालीं ध्रुवावरून गेलेला मार्ग 2022 सालीं पुन्हां उपयोगीं पडला. युक्रेनवरील आक्रमणानंतर यूरोपीय राष्ट्रांनीं व रशियानें परस्परांस आकाश बंद केलें. मार्च महिन्यांत फिनिश विमानें पुन्हां ध्रुवावरून टोकियोकडे निघालीं. दोऱ्याची लांबी अर्थातच तीच होती. विमानाला मात्र सुमारें 12,900 किलोमीटर उडावें लागलें, आणि वेळ लागला पुन्हां तेरा तास.