कळण्याची भाकरी आणि अन्नशास्त्र

उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी, अशा शिरपूरच्या टापूंत भाकरी म्हणजेच जेवण. ज्वारीबरोबर थोडे अख्खे उडीद दळून 'कळण्याची' भाकरी करण्याची चाल खानदेशांत जुनी आहे. तिचें मर्म उमगण्यास शास्त्राला मात्र विसावें शतक उजाडावें लागलें.

एकोणिसाव्या शतकांतील विद्वान अन्नाचा हिशेब सोपा मांडीत : प्रथिनांनीं मांस बनतें, पिष्ट व स्निग्ध पदार्थांनीं ऊब व बळ येतें, क्षारांनीं हाडें घडतात. १८७७ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं याहूनही काटकसर केली. सरकारी कामावरील मजुरास दिवसास एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे, असें त्यांनीं ठरविलें. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं त्यास कडाडून विरोध केला. मुंबई इलाख्यांतही हा दर लागू झाला, तेव्हां पुण्याच्या सार्वजनिक सभेनें मजुरांची बाजू घेतली. पोट भरणें आणि शरीर पोसणें या दोन गोष्टी आहेत, हाच तो वाद होता.

१९१२ सालीं फुंक यांनीं 'व्हिटॅमिन' हें नांव दिलें. आपण त्यास जीवनसत्त्व म्हणतों. पुढें निलगिरींतील कुन्नूर येथें सर रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनीं प्रांतोप्रांतींचे आहार उंदरांस घालून पाहिले. शिखांच्या आहारावर उंदराचें वजन सरासरी २३५ ग्रॅम भरलें, मराठ्यांच्या आहारावर २२५, आणि मद्रासी आहारावर अवघें १५५. यावरून छाती फुगविण्याचें कारण नाहीं. शिखांच्या पानांत दूधदुभतें होतें, आपल्याकडील गरिबाघरीं दूध चहापुरतें येतें.

निव्वळ ज्वारीचा धोका हैदराबादेस दिसला. तिच्यावरच गुजराण करणाऱ्या दख्खनी मजुरांस पेलाग्रा जडे : उन्हाची कातडी काळवंडे, जुलाब लागत, बुद्धि भ्रमे. डॉ. गोपालन व श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं याचा संबंध ज्वारींतील ल्यूसिनच्या आधिक्याशीं जोडला. ज्वारीचें दुसरें उणें म्हणजे लायसिन, ज्यावांचून मुलांची वाढ खुंटते. तें उडदांत विपुल असतें. कळण्याच्या भाकरीनें तें उणें भरून निघतें.

उडीद महागले कीं गृहिणीची मूठ प्रथम तेथेंच आखडते. भाकरी तेवढीच थोर होते, पोरांचें पोट भरतें, आणि उणीव अंगावर दिसण्यास वर्षें लागतात.