एलडॅप डिरेक्टरीतील वापरकर्ता-नोंदींच्या त्रुटी

एलडॅप डिरेक्टरी सर्व्हरमध्ये नव्या वापरकर्त्याची नोंद समाविष्ट करताना सर्व्हरने ती नाकारली, तर तो नकाराचे कारण दर्शविणारा त्रुटी-संकेतांक पाठवितो. हे संकेतांक प्रोटोकॉलमध्येच निश्चित केलेले असल्यामुळे सर्व्हर बदलला तरी त्यांचा मूळ अर्थ तोच राहतो. सोबतचा स्पष्टीकरणाचा मजकूर मात्र सर्व्हरनिहाय वेगळा असतो. प्रस्तुत लेखातील तपशील मुख्यतः ओपनएलडॅप या मुक्तस्रोत सर्व्हरला अनुसरून आहेत.

पार्श्वभूमी

१९८८ साली प्रमाणित झालेल्या एक्स.५०० या विस्तृत डिरेक्टरी-व्यवस्थेला सुटसुटीत पर्याय म्हणून एलडॅप पुढे आला. त्याचे पहिले विनिर्देश १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले; मिशिगन विद्यापीठाचा त्यात महत्त्वाचा वाटा होता. १९९७ मध्ये तिसरी आवृत्ती आली व २००६ मध्ये तिचे सुधारित विनिर्देश प्रसिद्ध झाले. मिशिगन विद्यापीठाच्या सर्व्हरवरून १९९८ मध्ये ओपनएलडॅप प्रकल्प सुरू झाला.

नोंदीची रचना

डिरेक्टरीतील नोंदी वृक्षाच्या आकारात मांडलेल्या असतात. प्रत्येक नोंदीला वृक्षातील स्थान दर्शविणारे एकमेव पूर्ण नाव (डीएन) असते. नोंदीत कोणते गुणधर्म आवश्यक व कोणते ऐच्छिक, हे तिच्या ऑब्जेक्ट क्लासवरून ठरते. या नियमांच्या संचाला स्कीमा म्हणतात.

प्रमुख त्रुटी

ओळख व अधिकार: संकेतांक ४९ म्हणजे नाव किंवा पासवर्ड अमान्य. दिलेले नाव डिरेक्टरीत नसले तरी सर्व्हर सामान्यतः हाच संकेतांक देतो. अन्यथा कोणती नावे अस्तित्वात आहेत, हे परक्याला कळले असते. संकेतांक ५० आल्यास ओळख पटलेली असते, परंतु त्या ठिकाणी लिहिण्याची परवानगी नसते.

स्थान: ज्या शाखेखाली नोंद करावयाची ती शाखाच नसेल, तर ३२ हा संकेतांक येतो. उदाहरणार्थ, ‘विद्यार्थी’ ही शाखा निर्माण करण्यापूर्वी तिच्याखाली विद्यार्थ्याची नोंद करता येत नाही. पूर्ण नाव सर्व्हरच्या कोणत्याच डेटाबेसच्या कक्षेत बसत नसेल, तर ओपनएलडॅप ५३ हा संकेतांक देतो. बहुधा डोमेनचे नाव लिहिताना झालेली चूक त्यामागे असते. त्याच पूर्ण नावाची नोंद आधीच असल्यास ६८ येतो.

स्कीमा: सर्वांत अधिक गोंधळ ६५ या संकेतांकामुळे होतो. प्रत्येक नोंदीला एक मूलभूत (स्ट्रक्चरल) क्लास लागतो. लिनक्सवरील खात्यासाठी वापरला जाणारा ‘पॉझिक्स-अकाउंट’ हा केवळ साहाय्यक क्लास आहे. तो एकटा दिल्यास नोंद नाकारली जाते. म्हणून त्याला ‘आयनेट-ऑर्ग-पर्सन’ या क्लासची जोड देतात. तसे केल्यावर आडनावाचा गुणधर्म (एसएन) देणे बंधनकारक ठरते व तो राहून गेल्यास पुन्हा ६५ हाच संकेतांक येतो. गुणधर्माचे नाव सर्व्हरला अपरिचित असेल, तर १७ येतो. क्लासचे नाव अपरिचित असेल, तर ओपनएलडॅप २१ देतो. अशा वेळी संबंधित स्कीमा सर्व्हरमध्ये भरलेला आहे का, हे पाहावे लागते.

एलडिफ फाइलमधील चुका

नोंदी सहसा एलडिफ स्वरूपातील मजकूर-फाइलमधून भरल्या जातात. या स्वरूपात रिकामी ओळ नोंद संपल्याची खूण असते आणि रिकाम्या जागेने सुरू होणारी ओळ मागील ओळीचा भाग मानली जाते. ओळीच्या शेवटी राहिलेली रिकामी जागा मूल्यात धरली जाते. डोळ्यांना न दिसणारे हे कारण क्लासच्या नावापुढे असल्यास २१ ही त्रुटी उद्भवते.

एलडॅपअ‍ॅड ही आज्ञा पहिल्या त्रुटीपाशी थांबते. पण तोवर भरल्या गेलेल्या नोंदी तशाच राहतात. फाइल दुरुस्त करून पुन्हा चालविल्यास आरंभीच ६८ येतो, तो यामुळे.

देवनागरी नावे

एलडॅपमधील सामान्य नाव व आडनाव हे गुणधर्म युनिकोड स्वीकारतात, त्यामुळे मराठी नावे देवनागरीत साठविता येतात. एलडिफमध्ये मात्र अशी मूल्ये बेस-६४ पद्धतीने संकेतबद्ध करून दोन अपूर्णविरामांनंतर लिहिण्याचा नियम आहे. ईमेल, होम डिरेक्टरी व गेकोस या गुणधर्मांत केवळ आस्की अक्षरे चालतात. तेथे देवनागरी दिल्यास २१ येतो.

त्रुटी न दाखविणाऱ्या चुका

दोन नोंदींना एकच यूआयडी-क्रमांक दिला, तरी सर्व्हर स्वतःहून हरकत घेत नाही. लिनक्स प्रणाली मात्र फाइलींची मालकी या क्रमांकावरूनच ओळखते. परिणामी एकाच्या खासगी फाइली दुसऱ्याला वाचता व पुसताही येतात. हे टाळण्यासाठी ओपनएलडॅपमध्ये ‘युनिक’ हे पूरक घटक उपलब्ध आहे. ते कार्यान्वित असल्यास पुनरावृत्ती १९ या संकेतांकाने नाकारली जाते.

निवारण

संकेतांकासोबतचा अतिरिक्त मजकूर प्रथम वाचावा. कोणता गुणधर्म किंवा क्लास अडला, हे बहुधा त्यातच नमूद असते. मोठी फाइल भरण्यापूर्वी एकच नोंद भरून पाहणे सोयीचे ठरते. त्रुटी टाळण्यासाठी स्लॅपअ‍ॅड या साधनाने थेट डेटाबेसमध्ये नोंदी भरणे इष्ट नाही. ते स्कीमाची व नावांची तपासणी करीलच, अशी हमी नसते. त्यामुळे सदोष नोंदी आत शिरून पुढे शोधणे अवघड होते.